विद्यार्थी समाधानी आहेत, हे कुणाला विचारून ठरवले?

‘प्रश्न वाचकांचे’ या आपल्या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे गोव्यातील महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठीय विभागांच्या आवारातील सुविधांविषयीची आहेत. प्रवेशाचे दिवस आणि पहिला जोराचा पाऊस एकाच वेळी येतात, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. विद्यार्थ्यांना त्याच संस्थेत पुढेही शिकायचे असल्याने व्यक्तींची आणि संस्थांची नावे वगळून केवळ तालुका दिला आहे.

प्रश्न : मी आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळावर आहे. गेल्या वर्षी विद्यार्थी समाधान सर्वेक्षण झाले आणि त्याचा निकाल अतिशय चांगला आल्याचे आम्हाला सभेत सांगण्यात आले. प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरील मुलींचे स्वच्छतागृह सत्रभर कुलूपबंद होते, वाचनालयात दुपारी बसायला जागा मिळत नाही आणि वायफाय कार्यालयाच्या आसपासच चालते. मग हे गुण आले कुठून? आमचीच मुले खोटे बोलली का?
— विद्यार्थी प्रतिनिधी, फोंडा

उत्तर : तुमची मुले खोटे बोललेली नाहीत. त्यांना तुम्ही म्हणता त्या गोष्टी बहुधा कुणी विचारल्याच नाहीत.

राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेने, म्हणजे आपण ज्याला ‘नॅक’ म्हणतो तिने, २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. संस्थेने विद्यार्थ्यांची यादी आणि ईमेल पत्ते परिषदेला द्यायचे, परिषदेने त्यांच्याकडे थेट प्रश्नावली पाठवायची आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रश्नाला चार ते शून्य या श्रेणीत उत्तर द्यायचे, अशी ही पद्धत आहे. प्रश्नावलीतले वीस प्रश्न वाचून पाहा. अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारीने वर्गात येतात का, त्यांचे बोलणे समजते का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य आहे का, किती शिक्षक प्रोजेक्टरसारखी साधने वापरतात, असेच प्रश्न तुम्हाला दिसतील. एकविसावा प्रश्न मोकळा आहे, परंतु त्यातही सूचना मागितल्या आहेत त्या अध्ययन-अध्यापन सुधारण्यासाठीच. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वसतिगृह, बस किंवा उपाहारगृह यांपैकी कशाविषयीही त्यात प्रश्न नाही. भौतिक सुविधांचे मूल्यमापन ‘पायाभूत सुविधा आणि अध्ययन साधने’ या वेगळ्या निकषाखाली होते आणि ते प्रामुख्याने संस्थेने सादर केलेल्या कागदपत्रांवर व तज्ज्ञ समितीच्या भेटीवर अवलंबून असते. शिकवण्याविषयी विद्यार्थ्यांना विचारायचे आणि इमारतीविषयी संस्थेला, अशी ही विभागणी आहे. तेव्हा ज्या सर्वेक्षणाचा उल्लेख तुमच्या सभेत झाला ते या नमुन्याचे असेल, तर त्याच्या गुणांवरून तुमच्या दुसऱ्या मजल्याविषयी काहीही सिद्ध होत नाही.

महाविद्यालयाने स्वतःची निराळी प्रश्नावली वापरली असेल, तर मात्र तीन गोष्टी मागून घ्या : प्रश्नांची प्रत, उत्तरे देणाऱ्यांची संख्या, आणि वर्गवार व लिंगवार फोड. यांतली शेवटची सर्वांत महत्त्वाची, कारण सरासरी पुष्कळ काही झाकून टाकते. समजा, शंभर विद्यार्थ्यांपैकी पन्नास जणांनी स्वच्छतागृहांना पाचपैकी पाच गुण दिले आणि पन्नास जणींनी एक दिला, तर सरासरी तीन येईल आणि अहवालात ‘समाधानकारक’ असे लिहिले जाईल. प्रत्यक्षात तीन गुण देणारा एकही विद्यार्थी त्या आवारात नसेल. गोव्यातील उच्च शिक्षणात मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक आहे. अशा राज्यात मुलींची उत्तरे वेगळी काढून न पाहणे ही मला गंभीर चूक वाटते. स्वच्छतागृह बंद असले की मुली दिवसभर पाणी कमी पितात, हे त्या घरीसुद्धा सांगत नाहीत, प्रश्नावलीत कुठून सांगणार?

ही माहिती प्रथम अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांकडे विद्यार्थी मंडळाच्या पत्राने मागावी. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांना माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू आहे. दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज केल्यास तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. तरीही तो मार्ग पहिल्या पत्राला उत्तर न आल्यावरच घ्यावा, कारण ज्या शिक्षकांकडून तुम्हाला काम करवून घ्यायचे आहे, त्यांच्याशी पहिलेच बोलणे कायद्याच्या कलमाने सुरू होऊ नये. आणि स्वच्छतागृह कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होते, याची नोंद मंडळाच्या वहीत आजपासून ठेवा. ‘सत्रभर बंद’ या शब्दांवर वाद घालता येतो, तारखांवर तो घालता येत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आम्ही शिकलो तेव्हा पंखे नव्हते, वर्गात पाणी गळायचे, मैलोन्‌मैल चालत जायचो, तरीही शिकलो आणि चांगले शिकलो. आजची मुले ज्ञानापेक्षा सुविधांची चर्चा अधिक करतात, याचे वाईट वाटते. समाधान ही वस्तू बाहेरून देता येते का?
— एक ज्येष्ठ वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या पिढीने सोसलेल्या कष्टांविषयी मनात आदर ठेवूनच लिहितो. पोर्तुगीज राजवटीत वैद्यकीय शिक्षणाची शाळा पणजीत १८४२ पासून होती, परंतु कला वा विज्ञान शाखेच्या पदवीसाठी गोमंतकीय मुलांना बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठावी लागे. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीला आणि मडगावला पहिली महाविद्यालये सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाचे केंद्र पणजीत आले आणि १ जून १९८५ रोजी आपले स्वतःचे विद्यापीठ सुरू झाले. मुक्तीनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत जे वर्गात पोहोचले, त्यांनी गळक्या छपराखालीही उत्तम शिक्षण घेतले, हे निर्विवाद आहे.

माझे म्हणणे त्यापुढचे आहे. त्या काळी जे वर्गापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांचे समाधान कुणी मोजले? दूरच्या गावातली मुलगी, वसतिगृह नाही म्हणून अकरावीनंतर घरी बसलेली. पायाने अधू असलेला मुलगा, जिना चढता येत नाही म्हणून गावच्या दुकानात बसलेला. यांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नव्हती, म्हणून त्यांची तक्रारही कुठे नोंदली गेली नाही. सुविधा नसतानाही सर्व जण शिकत होते असे आपल्याला वाटते, कारण मागे वळून पाहताना शिकलेलेच दिसतात. आज सत्तरी, सांगे, काणकोण येथून, घरात पहिल्यांदाच पदवीचे स्वप्न पाहणारी मुले येत आहेत. त्यांच्यासाठी वसतिगृहातील एक खाट म्हणजे शिक्षण पुढे चालू राहणे असते.

समाधान बाहेरून देता येते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये नोकरदारांविषयी मांडलेल्या विचारात काही अंशी सापडते. कामाची जागा, पगार, सुरक्षितता यांसारख्या गोष्टी नसल्या तर माणूस असमाधानी होतो, पण त्या असल्याने तो आपोआप समाधानी होत नाही. समाधान येते ते कामातूनच, असे त्यांचे म्हणणे होते. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, परंतु महाविद्यालयाच्या आवाराला ती बऱ्यापैकी लागू पडते असे मला वाटते. वाहते पाणी आणि स्वच्छ शौचालय मिळाल्याने कुणाला साहित्याची गोडी लागणार नाही, आपले हे म्हणणे खरे आहे. पण ते न मिळाल्याने मुलगी दुपारचे तास सोडून घरी जाते, तेव्हा ती गोडी लागण्याची शक्यताच संपते.

एका बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. सगळ्या मागण्या सारख्या नसतात. पाहुण्यांसाठी वातानुकूलित सभागृह बांधून वर्षातून चार वेळा उघडायचे आणि वाचनकक्षात खुर्च्या कमी पडू द्यायच्या, याला सुविधा म्हणू नये. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांनीच आधी वाचनकक्ष मागावा, आणि आपल्यासारख्या निवृत्त शिक्षकांनी त्या मागणीला पालक-शिक्षक संघात पाठिंबा द्यावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापिका असून गुणवत्ता हमी कक्षाचे काम माझ्याकडे आहे. दर मार्चमध्ये आम्ही सुविधांविषयीचा गूगल फॉर्म पाठवतो. फार थोडी मुले तो भरतात आणि त्यांतली कित्येक सगळ्या ओळींत एकच आकडा दाबून मोकळी होतात. विद्यार्थीसंख्या सुमारे एक हजार आहे. विश्वासार्ह सर्वेक्षण कसे करावे?
— प्राध्यापिका, सासष्टी

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक ठिकाणी फॉर्म पाठवला की काम झाले असे मानले जाते.

पहिली गोष्ट महिन्याची. मार्चमध्ये गोव्यात आकाश निरभ्र असते. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणाऱ्या प्रदेशात इमारतीची परीक्षा जुलैमध्ये होते. भिंतींना ओल येते, प्रयोगशाळेतील उपकरणांवर बुरशी चढते, वाचनालयातील पुस्तकांना कुबट वास लागतो, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, ओल्या छत्र्या ठेवायला जागा नसल्याने व्हरांडे निसरडे होतात आणि वीज गेली की वर्गात अंधार होतो. मार्चपर्यंत हे सगळे वाळलेले असते आणि विद्यार्थ्याच्या मनात परीक्षेखेरीज काही नसते. उलट पाण्याची टंचाई आणि उकाडा यांचा त्रास पावसाळ्यात विचारून कळणार नाही. म्हणून वर्षातून दोनदा, चतुर्थीच्या सुट्टीआधी एकदा आणि दुसऱ्या सत्रात एकदा, छोटी प्रश्नावली द्यावी.

दुसरी गोष्ट, कुणाला विचारायचे. हजार जणांना फॉर्म पाठवून दीडशे स्वयंप्रेरित उत्तरे मिळवण्यापेक्षा हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून काढलेल्या सुमारे २८० विद्यार्थ्यांची उत्तरे मिळवणे कितीतरी अधिक विश्वासार्ह आहे. हजारांच्या समूहासाठी, पाच टक्क्यांची चूक गृहीत धरून, संख्याशास्त्रातील प्रचलित कोष्टके २७८ हा आकडा देतात. स्वतःहून फॉर्म भरणारे बहुधा अतिशय रागावलेले किंवा अतिशय आज्ञाधारक असतात. मधले विद्यार्थी, ज्यांची संख्या सर्वांत मोठी, ते निसटतात. निवडलेल्या विद्यार्थ्यांना तासिकेतील दहा मिनिटे द्यावीत, वर्गशिक्षकांनी त्या वेळी बाहेर थांबावे, आणि फॉर्ममध्ये ईमेल पत्ता आपोआप नोंदला जाणार नाही याची खात्री करावी. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांना आपले नाव दिसते आहे, अशी नुसती शंका आली तरी सगळ्या ओळींत चार हाच आकडा दाबला जातो. तो आळस नसून पुष्कळदा भीती असते.

प्रश्नांच्या रचनेविषयी. ‘वाचनालय व प्रयोगशाळा समाधानकारक आहेत का?’ या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि उत्तर एकच मागितले आहे. ‘समाधानकारक’ हा शब्दही शक्य तिथे टाळावा आणि घडलेली गोष्ट विचारावी : गेल्या आठवड्यात तुम्ही वाचनालयात किती वेळा गेलात, बसायला जागा मिळाली का, हवे ते पुस्तक मिळाले का? जो विद्यार्थी वाचनालयात गेलेलाच नाही त्याचे वाचनालयाविषयीचे मत वेगळे ठेवावे, परंतु तो का गेला नाही हे अवश्य विचारावे. प्रश्नावली मराठी, कोकणी आणि इंग्रजी या तिन्हींत द्यावी आणि मोकळ्या प्रश्नाचे उत्तर हव्या त्या भाषेत लिहू द्यावे. मनातली खरी तक्रार आपल्या भाषेत मोकळेपणाने लिहिली जाते.

प्रत्येक सुविधेला किती गुण, याबरोबर ती तुम्हाला किती महत्त्वाची वाटते, हेही विचारावे. मार्टिला आणि जेम्स या अभ्यासकांनी १९७७ मध्ये ही पद्धत ग्राहकांच्या संदर्भात सुचवली आणि पुढे ती शिक्षणसंस्थांतही वापरली गेली. महत्त्व जास्त आणि गुण कमी अशी जी सुविधा निघेल तिच्यावर आधी पैसा खर्च करावा. महत्त्व कमी आणि गुण जास्त अशी निघेल तिच्यावरचा वाढीव खर्च थांबवावा. व्यवस्थापनापुढे अंदाजपत्रक मांडताना हे कोष्टक आपल्याला उपयोगी पडेल. एक सावधगिरी मात्र बाळगावी. समाधान हे अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या तुलनेतून ठरते, असे रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले होते. छोट्या गावातल्या उच्च माध्यमिक विद्यालयातून आलेली मुलगी ज्या प्रयोगशाळेला पाच गुण देईल, तिलाच शहरातल्या सुसज्ज विद्यालयातून आलेला मुलगा दोन देईल. म्हणून पहिल्या वर्षाचे गुण तिसऱ्या वर्षाच्या गुणांत मिसळू नयेत.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. मुले फॉर्म भरत नाहीत, कारण मागच्या फॉर्मचे काय झाले हे त्यांना कधी कळलेले नसते. सर्वेक्षणानंतर महिन्याभरात सूचनाफलकावर एक पान लावा : तुम्ही हे सांगितले होते, त्यांतले हे केले, हे पुढच्या सत्रात होईल, हे आमच्या अधिकारात नाही म्हणून संचालनालयाला कळवले आहे, आणि हे पैशाअभावी होणार नाही. शेवटचे वाक्य लिहायला संस्था कचरतात. माझ्या मते विद्यार्थी नकार समजून घेतात. उत्तरच न मिळणे त्यांना सहन होत नाही. पुढच्या वेळी उत्तरांची संख्या वाढलेली नसेल, तर प्रश्नावलीत बदल करण्याआधी हे पान खरोखर लागले होते का ते पाहावे.

प्रश्न : अपघातानंतर मी व्हीलचेअर वापरतो. पदव्युत्तर वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतात आणि लिफ्ट वारंवार बंद असते. मित्र मला उचलून नेतात. शिक्षक सहानुभूतीने वागतात, पण सुविधांच्या सर्वेक्षणात लिफ्टला चांगले गुण आहेत, असे सांगून विषय पुढे ढकलला जातो.
— विद्यार्थी, बार्देश

उत्तर : हजार विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात तुमचे एक उत्तर सरासरीला स्पर्शही करत नाही, आणि म्हणूनच ही बाब सर्वेक्षणावर सोपवण्याची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील सोळाव्या कलमानुसार शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी इमारत, आवार आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा ठेवणे अपेक्षित आहे. बत्तिसाव्या कलमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. जागा राखायची आणि तिथपर्यंत जाण्याची वाट ठेवायची नाही, याला अर्थ नाही. हा हक्क बहुमताने मिळत नसतो, त्यामुळे इतरांनी लिफ्टला किती गुण दिले हा मुद्दाच गैरलागू आहे.

लिफ्टच्या दुरुस्तीची वाट न पाहता आज करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे तुमचे वर्ग आणि परीक्षेची खोली तळमजल्यावर आणणे. याला एक रुपयाही लागत नाही. वेळापत्रक बदलावे लागते इतकेच. ही मागणी विभागप्रमुखांकडे लेखी करा. सोबत प्रवेशद्वारातील उतार आणि तळमजल्यावरील स्वच्छतागृह यांचाही उल्लेख करा. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे तीस सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी किमान तीन मीटर साठ सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. पुष्कळ ठिकाणी केवळ दाखवण्यापुरते उभे चढ केलेले असतात आणि पावसात त्यांच्यावरून चाक घसरते. उत्तर न आल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. मित्र उचलून नेतात हे त्यांचे प्रेम आहे, परंतु संस्थेने त्या प्रेमाला आपली व्यवस्था समजू नये.

प्रश्न : आमच्या शीतपेटीच्या पाण्याला वास येतो. एका मित्राने टीडीएस मोजण्याचे यंत्र आणून पाणी चांगले असल्याचे सांगितले. विश्वास ठेवावा का?
— विद्यार्थिनी, मुरगाव

उत्तर : ठेवू नये. ते यंत्र पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवते, जंतू दाखवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, परंतु त्याच मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू अजिबात आढळता कामा नयेत, आणि त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी व्हावी लागते. गच्चीवरील टाकी शेवटची केव्हा धुतली, गाळणी केव्हा बदलली आणि पाण्याचा तपासणी अहवाल कोणत्या तारखेचा आहे, हे विचारा आणि या तारखा शीतपेटीवरच चिकटवण्याची मागणी करा. तोवर घरून पाणी न्या. उपाहारगृहाच्या भिंतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक लावलेला आहे का, हेही जाता जाता पाहून घ्या.

प्रश्न : मी पेडण्याहून रोज पणजीजवळच्या महाविद्यालयात येते. म्हापशाला आणि पणजीला बस बदलावी लागते. सकाळचा पहिला तास चुकतो, दुपारच्या प्रात्यक्षिकांनंतर परतायला अंधार पडतो आणि मधल्या दोन रिकाम्या तासांत बसायला जागा नसते. बससेवा ही महाविद्यालयाची जबाबदारी नाही, असे आम्हाला सांगितले जाते.
— विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : बस चालवणे महाविद्यालयाचे काम नाही, हे खरे. परंतु वेळापत्रक बनवणे महाविद्यालयाचेच काम आहे. दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या मुलामुलींची यादी करून कोण किती वाजता पोहोचतो आणि कोणाची शेवटची सोयीची बस किती वाजता सुटते, हे एका कागदावर मांडले, तर पहिली प्रात्यक्षिके कोणत्या तुकडीला आणि शेवटची कोणत्या तुकडीला द्यावीत, हे ठरवणे अवघड नाही. जवळच्या विद्यार्थ्यांची तुकडी उशिराची ठेवावी. हाच कागद प्राचार्यांच्या सहीने कदंब वाहतूक महामंडळाकडे पाठवून वेळ पुढे-मागे करण्याची किंवा जादा फेरीची विनंती करावी. एकट्या मुलीच्या अर्जापेक्षा ‘अमुक वाजता इतके पासधारक विद्यार्थी या थांब्यावर असतात’ असे सांगणाऱ्या पत्राला वजन येते.

रिकाम्या तासांसाठी मुलींची विश्रांतिकक्षाची खोली मागा, आणि ती किल्ली मागून उघडावी लागणार नाही अशी मागा. रोज प्रवासात इतके तास घालवणाऱ्या मुलीच्या दृष्टीने खरोखरची सुविधा म्हणजे डबा खाण्याची, पाय पसरण्याची आणि भिजलेली ओढणी वाळवण्याची जागा. पणजीत काही वेळ हाताशी असला तर पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा उपयोग करावा. १८३२ मध्ये स्थापन झालेले हे ग्रंथालय बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

प्रश्न : वसतिगृहातील पाण्याविषयी आम्ही अनेकदा तोंडी तक्रार केली, प्रत्येक वेळी ‘बघतो’ असे उत्तर मिळाले. यापुढे कुणाकडे जावे? तक्रार केल्याने खोली जाईल का, ही भीतीही आहे.
— वसतिगृहवासी विद्यार्थी, तिसवाडी

उत्तर : तोंडी तक्रारीची कुठेही नोंद नसते, म्हणून तिला उत्तर देण्याचे बंधनही कुणावर नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे विनियम लागू केले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे, तक्रार ऑनलाइन नोंदवण्याची सोय असली पाहिजे, आणि समितीने तक्रार मिळाल्यापासून शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल संस्थेला द्यावा व त्याची प्रत तक्रारदाराला मिळावी, अशी तरतूद आहे. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते आणि लोकपालांनी ते तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनाही हा मार्ग खुला आहे. संस्थेने लोकपालांची शिफारस पाळली नाही, तर आयोग अनुदान रोखण्यापर्यंतची कारवाई करू शकतो.

खोली जाण्याच्या भीतीविषयी मी हलकेपणाने लिहिणार नाही, कारण घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती भीती खरी असते. एकट्याने तक्रार करू नका. मजल्यावरील सर्वांच्या सह्या घ्या आणि विद्यार्थी मंडळाच्या प्रतिनिधीमार्फत ती द्या. भाषा सौम्य आणि मजकूर नेमका ठेवा : कोणत्या तारखांना, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या मजल्यावर पाणी नव्हते, आणि नेमके काय करावे अशी विनंती आहे. पोच घेतल्याशिवाय मूळ कागद हातातून सोडू नका.

याच विनियमांत एक तरतूद आहे जिच्याकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही. माहितीपुस्तिकेत जाहीर केलेल्या सुविधा संस्थेने न पुरवणे हेसुद्धा तक्रारीचे ग्राह्य कारण मानले आहे. तेव्हा प्रवेश घेतला त्या वर्षीची माहितीपुस्तिका शोधा, वसतिगृहाविषयीचे पान वाचा आणि ‘चोवीस तास पाणी’ असे शब्द त्यात असतील तर त्या पानाची छायाप्रत तक्रारीला जोडा. पुस्तिका केवळ संकेतस्थळावर असेल तर ती आजच उतरवून ठेवा, कारण पुढच्या वर्षी तिथे नवी आवृत्ती येते आणि जुनी काढून टाकली जाते.